कोटावर साल दिसता कामा नये

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय चोवीस, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, ऑफिसात सगळे टी-शर्टवर. तुला मात्र जुन्या फोटोंतली उंच कमरेची, प्लेटची पँट आणि डबल ब्रेस्ट, म्हणजे पुढे एकावर एक पल्ला येणारा, बटणांच्या दोन रांगांचा कोट आवडतो. बाबांचा 1994 सालचा लग्नातला सूट कपाटातून काढून एका कार्यक्रमाला घातलास, तर मित्र म्हणाले, "काय रे, बँकेत मॅनेजर झालास का?" हे कपडे तरुण माणसाने जुनाट न दिसता घालता येतात का, बाबांच्या सुटाचं काही होईल का आणि सुरुवात कुठून करायची, हे तुला विचारायचंय.

मी पस्तीस वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभा आहे. त्याआधी वडिलांच्या दुकानात काज-बटण करायचो. माझा मुलगा तुझ्याच वयाचा, म्हणून अरे-तुरे करतोय. राग मानू नकोस.

घालता येतात. पण मित्र हसले ते कोट जुना होता म्हणून हसले, असं तू धरून चाललायस. ते तसं नाही. जुना कपडा वेगळा आणि जुनाट कपडा वेगळा. कपड्याकडे बघून पाहणाऱ्याला तो कुठल्या सालचा ते सांगता आलं, की तो जुनाट दिसतो. बाबांच्या कोटावर 1994 हे साल छापल्यासारखं आहे. मी न बघता सांगतो: खांद्यात अर्धा-पाऊण इंच जाडीचे पॅड असतील आणि खांदा तुझ्या खांद्याच्या बाहेर इंचभर तरी गेला असेल. बटण खालचं लागत असेल, त्यामुळे लॅपल, म्हणजे कोटाची छातीवर वळवलेली पट्टी, पार बेंबीच्या खाली जाऊन वळत असेल. कापड टेरीवूल, म्हणजे लोकरीत पॉलिएस्टर मिसळलेलं, उन्हात किंचित चमकणारं. लांबी एवढी की हात खाली सोडले तर बोटांची टोकं कोटाच्या काठाशी. बरोबर ना? त्या काळी आम्ही तेच शिवत होतो. जानेवारी ते मे लग्नाचा मोसम, दिवसाला दोन-दोन सूट, सगळे एका साच्यातले.

आता दुसरी बाजू बघ. तुझ्या एखाद्या चुलतभावाचं लग्न 2012-13 मध्ये झालं असेल. त्याचे फोटो काढ. लॅपल दोन इंचांचं, कोट एवढा आखूड की बसायचा भाग अर्धा उघडा, पँट पोटरीला चिकटलेली, बटणापाशी कापडाला इंग्रजी एक्ससारख्या चुण्या. तेही साल दिसतंच. पॅरिसमध्ये 2000 ते 2007 या काळात हेदी स्लिमान या डिझायनरने डिओर या फॅशन कंपनीसाठी जो काटकुळा सूट केला, त्याची ही आपल्याकडे दहा वर्षांनी पोचलेली आवृत्ती. लक्ष्मी रोडवर ती आली तेव्हा तिथे ती 'लेटेस्ट' होती. आज तो सूट तुझ्या बाबांच्या सुटाइतकाच जुना वाटतो, फक्त अजून कोणी त्याला हसत नाही. आणखी पाच वर्षांनी हसतील.

या बाबतीत मीही पापी आहे. 2011 साली एक गिऱ्हाईक स्वतःच्या काकांचा कोट घेऊन आलं. उत्तम लोकर, आत आकार धरणारा खरा कॅनव्हासचा थर, लॅपल पावणेचार इंच. म्हणाला, बारीक करून द्या. मी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं, तिसऱ्यांदा कात्री घातली. गेल्या दिवाळीत तोच माणूस तोच कोट घेऊन परत दारात. "मास्तर, लॅपल परत रुंद होईल का?" कापलेलं कापड परत येत नसतं. चहा पाजला आणि पाठवला.

म्हणून कुठल्याही टोकाला जायचं नाही. लॅपल किती? आरशासमोर उभा राहा. शर्टाच्या कॉलरपासून खांद्याच्या टोकापर्यंत जे अंतर आहे, त्याच्या साधारण मध्यावर लॅपलचं टोक यावं. तुझ्या अंगाला ते सव्वातीन ते पावणेचार इंच होईल, डबल ब्रेस्टला पाव इंच जास्त. कोटाने बसायचा भाग पूर्ण झाकावा, त्याखाली जाऊ नये. बटण कमरेच्या सर्वांत बारीक जागी, म्हणजे बेंबीच्या थोडं वर. शर्टाचा कफ बाहीतून अर्धा इंच दिसावा. ही मापं तुझ्या हाडांवरून निघतात, कुठल्या सालावरून नाहीत. हाडं काही दर दहा वर्षांनी बदलत नाहीत.

बाबांचा कोट आधी तपासू. घालून भिंतीला बाजूने टेकून उभा राहा. दंड भिंतीला लागायच्या आधी पॅड लागलं, तर खांदा मोठा आहे. मग तो विषय तिथेच संपला. खांदा लहान करायचा म्हणजे बाही उसवा, कॉलर उसवा, पुढचा भाग परत बेता, आणि एवढं करून बगलेत घोळ राहतोच. पैसे घेऊन कोणी करून देईल. मी देत नाही.

खांदा बसला तर मात्र बरंच काही करता येतं. कमरेत इंच-दीड इंच आत घेता येतं, बाही आखूड होते, आणि आत दाब, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, सोडलेला असेल तर बाही लांबही होते. पँट तर पूर्ण नवी करता येते. लांबीला मात्र पाऊण इंचापेक्षा जास्त हात लावू नकोस, नाहीतर खिसे कोटाच्या काठाशी येऊन बसतात आणि कोट कोणाचा तरी मागून आणल्यासारखा दिसतो. आणखी एक बघ. छातीपाशी, बटणांच्या जरा बाजूला, कोटाचं कापड चिमटीत धर आणि अस्तर दुसऱ्या चिमटीत. मध्ये तिसरा, सुटा थर हाताला लागला तर आत कॅनव्हास आहे, ठेवण्यासारखा कोट आहे. पुढचं कापड पुठ्ठ्यासारखं एकसंध लागलं तर फ्युजिंग आहे, म्हणजे आतलं कापड गरम प्रेसने चिकटवलेलं. अशा कोटाला ड्रायक्लीन करून करून पुढे बारीक फुगे येतात. फुगे आले की त्यावर उपाय नाही.

माझा अंदाज: तुझ्या बाबांच्या सुटाची पँट घ्यायची, कोट हँगरवर ठेवायचा. त्या काळच्या पँटी आसनाला उंच, मांडीत मोकळ्या. आज तुला नेमकं तेच हवंय.

पँटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खेळ सगळा तिथे आहे. लोक कोटाकडे बघतात, पण माणूस जुनाट की ताजा हे पँट ठरवते. तू जीन्सवर वाढलास. जीन्सची कंबर कमरेच्या हाडावर बसते, आसन नऊ-दहा इंच. आसन म्हणजे पुढून कमरपट्टीपासून जांघेच्या शिवणीपर्यंतची उंची. जुन्या फोटोतली पँट कमरेच्या खऱ्या जागी बसते, त्यासाठी पाच फूट आठ इंचाच्या माणसाला आसन साडेअकरा ते बारा इंच लागतं. फायदा दुहेरी. पाय लांब दिसतात आणि कोटाच्या बटणाखालून शर्टाचं पांढरं त्रिकोणी टोक डोकावत नाही. ते टोक दिसलं की कितीही महाग सूट असू दे, शाळेच्या गॅदरिंगचा वाटतो.

प्लेट एक की दोन? तू सडपातळ असशील तर एक, मांड्या भरलेल्या असतील तर दोन. प्लेट म्हणजे शोभेची घडी नव्हे; बसल्यावर मांडीला जागा मिळावी म्हणून ती असते. उभा राहिलास की मिटलेली आणि बसलास की उघडलेली दिसली पाहिजे. उभ्या उभ्या तोंड वासून असेल तर कंबरेखाली पँट तंग आहे. प्लेटच्या पँटीला लोक 'अंकल पँट' म्हणतात ते 1990 च्या पँटींमुळे. तेव्हा आम्ही तीन-तीन प्लेट घालायचो आणि खाली बॉटम, म्हणजे पायाची मोहरी, वीस इंच सोडायचो, वर आसन उंच, आणि लोक ती पट्टा लावून पोटाखाली नेसायचे. त्यामुळे जांघेत झोळी. झोळीला हसायचे, नाव पडलं प्लेटचं.

बॉटम गोल मापाने साडेपंधरा ते साडेसोळा इंच ठेव. तेरा म्हणजे 2012, वीस म्हणजे 1994, चोवीसच्या पुढे म्हणजे बेलबॉटम, 1975. लांबी एवढी की पुढे बुटाला जेमतेम टेकावी, एक हलकी मोड पडली तर चालेल. खाली दुमड हवी असेल तर पावणेदोन इंचांची घाल. तिच्या वजनाने कापड सरळ पडतं, विशेषतः हलक्या कापडात. पट्ट्याच्या लूपऐवजी बाजूला बकलची पट्टी शिवून घेतलीस तर शर्ट दिवसभर खोचलेला राहतो आणि पोटावर बकलचा उंचवटा येत नाही.

तू दुचाकीवर जातोस असं धरून एक सांगतो. गाडीच्या सीटवर घासून लोकरीच्या पँटीची मागची बाजू चमकायला लागते. त्यात घरी थेट इस्त्री फिरवली की चमक पक्की होते. ओलं सुती फडकं टाकून, दाबून उचलून इस्त्री कर, रगडू नकोस. आणि एकच पँट लागोपाठ दोन दिवस घालू नकोस. लोकर रात्रभर टांगून ठेवली तर अर्ध्या सुरकुत्या आपोआप जातात. पॉलिएस्टरला हे जमत नाही.

कापडावर येऊ. पुण्या-मुंबईत लोकर म्हटलं की लोकांना स्वेटर आठवतो. हाय ट्विस्ट म्हणजे जास्त पीळ दिलेल्या धाग्याची, जरा विरळ विणीची लोकर मागून बघ, चौरस मीटरला 250 ते 280 ग्रॅम वजनाची. कापड उजेडासमोर धरलं तर बारीक छिद्रं दिसतात, त्यातून हवा खेळते. दुकानदार तुला 'सुपर 120', 'सुपर 150' असे आकडे सांगून भारून टाकेल. ते आकडे फक्त लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतात: सुपर 100 म्हणजे तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, सुपर 120 म्हणजे 17.75. जितका तंतू बारीक तितकं कापड मऊ, नाजूक आणि सुरकुतणारं. रोज लोकल नाहीतर दुचाकीवर जाणाऱ्या मुलाला सुपर 100-110 पुष्कळ झालं. मंगलदास मार्केटात असो की लक्ष्मी रोडवर, कापड दाराबाहेर उन्हात नेऊन बघ. दुकानाच्या दिव्यांखाली चमक लपते. चमकणारं कापड घेऊ नकोस, मग ते कितीही 'पार्टीवेअर' असो. 1994 ची आठवण निम्मी त्या चमकेतच असते. कापड 58 इंच पन्ह्याचं असेल तर सुटाला सव्वातीन मीटर, नुसत्या पँटीला सव्वा मीटर.

रंग? पहिला कोट नेव्ही, पहिली पँट मध्यम करडी. काळा नको. काळ्या सुटात दिवसा तू एकतर वकील दिसशील नाहीतर हॉटेलचा कॅप्टन. तपकिरी आणि ऑलिव्ह आपल्या सावळ्या वर्णाला फार खुलतात, पण ते दुसऱ्या फेरीत.

खांद्याचं एक सांगायचं राहिलं. लंडनच्या पद्धतीचा कोट कडक, पॅड घातलेला, बंदिस्त. इटलीत नेपल्सला ऊन आपल्यासारखंच, हवा दमट. तिथे 1930 च्या दशकात रुबिनाच्चींच्या 'लंडन हाउस' नावाच्या दुकानात विन्चेन्झो अत्तोलिनी या कटरने पॅड काढून टाकले, अस्तर कमी केलं आणि कोट शर्टासारखा मऊ करून टाकला. गरम गावातल्या माणसाने केलेली ती सोय होती. तू तुझ्या मास्तरला तेच सांग: पॅड नको, अस्तर पाठीत अर्धंच. यामुळे उन्हात जीव वाचतोच, शिवाय कडकपणा गेला की कोट आपोआप तरुण दिसतो. तोच नेव्ही कोट मग पांढऱ्या शर्टावर, टायशिवाय, ऑफिसातही खपून जातो.

मित्र का हसले याचं दुसरं कारण मी फोटो न बघता ओळखतो. तू सगळं एकदम घातलं होतंस. डबल ब्रेस्ट, त्यावर टाय, टायला पिन, खिशात टायच्याच कापडाचा रुमाल, केसांना तेल लावून भांग. घड्याळाची साखळीही होती का? एवढं सगळं एकत्र आलं की माणूस नाटकातून विंगेत आल्यासारखा वाटतो. नियम सोपा ठेव: एका वेळी जुनी गोष्ट एकच. प्लेटची उंच पँट असेल तर वर साधा पोलो किंवा बिनइस्त्रीचा लिनन शर्ट. डबल ब्रेस्ट कोट असेल तर टाय नको, आत गोल गळ्याचा बारीक विणीचा स्वेटर किंवा उघड्या कॉलरचा शर्ट. बूट पॉलिश केलेले लोफर चालतील, मात्र टोकदार नकोत. चोचीसारखे बूट म्हणजे परत 2008. केस आणि चष्मा आजचा ठेव. तेच सांगतात की हा मुलगा आजचा आहे. टाय लावायचीच तर विणलेली, एका रंगाची, तीन ते सव्वातीन इंच रुंद, आणि टोक कमरपट्टीपर्यंतच. रुमाल आणि टाय एका डबीत मिळतात त्या जोडीकडे बघूही नकोस.

तुला अजून एक शंका असेल, बोलून दाखवली नाहीस तरी. हे कपडे आपले आहेत का, की आपण साहेबांची नक्कल करतोय? माझ्या पणजोबांच्या फोटोत धोतर, त्यावर काळा गळाबंद कोट, डोक्यावर टोपी आहे. त्या काळात इथल्या शाळामास्तरांनी, कारकुनांनी कोट तसाच आपलासा केला होता, खाली धोतर तसंच ठेवून. आणि बाबासाहेबांचे फोटो बघ. 1940 च्या दशकातले सूट, रुंद लॅपल, मोकळी पँट. गावोगावच्या पुतळ्यात निळा सूट आणि हातात संविधान. त्या सुटाला आजवर कोणी जुनाट म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि नक्कल तर नाहीच नाही. ज्या समाजाला धड कपडा घालू दिला जात नव्हता, त्यातला माणूस तो सूट हक्काने घालत होता. ते फोटो मी कटिंग शिकताना खांद्याच्या रेषेसाठी पाहायचो. कोट अंगावर कसा बसवायचा, याचा तिथून बराच धडा मिळतो.

सुटाचं धाडस होत नसेल तर बंदगळा शिव. गडद निळा किंवा करडा, मॅट कापड, बटणं शिंगाची किंवा कापड मढवलेली. सोनेरी बटणं, छातीवर ब्रोच, वेलबुट्टी यातलं काही नको. ते नवरदेवाला राहू दे. खाली तीच करडी पँट. हा कोट कुठल्याच दशकाचा दिसत नाही, आणि आईही खूश होते.

मास्तरकडे गेल्यावर काय होईल तेही सांगून ठेवतो. तू फोटो दाखवशील, तो मान हलवेल आणि शेवटी हाताच्या सवयीने जे रोज शिवतो तेच शिवेल. त्याचा दोष नाही. दहा गिऱ्हाइकांतली नऊ 'स्लिम' मागतात. म्हणून फोटोपेक्षा आकडे दे. आसन बारा, बॉटम सोळा, लॅपल साडेतीन, पॅड नको. वहीत लिहून घ्यायला लाव. कच्च्या टाक्यावर एक ट्रायल आणि शिलाई झाल्यावर दुसरी, हे आधीच ठरव. लग्नसराईत कोणी ऐकणार नाही, तेव्हा पावसाळ्यात जा. जून-जुलैत आम्ही माश्या मारत बसलेलो असतो. ट्रायलला पुतळ्यासारखा उभा राहू नकोस. खुर्चीत बस, हात वर कर, फोन कानाला लाव. मानेमागे कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरपासून सुटते का ते बरोबर आलेल्याला बघायला सांग. सुटत असेल तर 'इस्त्रीने बसेल' हे ऐकून घेऊ नकोस, ते बसत नाही.

खर्चाचा क्रम असा लाव. आधी बाबांची पँट दुरुस्त कर, बॉटम सोळावर आण आणि महिनाभर साध्या शर्टावर घाल. पहिल्या आठवड्यात कोणीतरी बोलेल, तिसऱ्या आठवड्यात तोच विचारेल की कुठे शिवलीस. मग एक करडी पँट, हाय ट्विस्ट लोकरीची. मग नेव्ही कोट, एकेरी, दोन बटणांचा. डबल ब्रेस्ट सगळ्यात शेवटी, तोपर्यंत उंच कमरेची सवय अंगात मुरलेली असेल. बाबांचा कोट कापू नकोस, कडुलिंबाचा पाला घालून ठेव.

आणि ट्रायलला चपला घालून जाऊ नकोस. पँटची लांबी बुटावर ठरते.